आखाडा मोडला त्या सकाळी

महंतांनी तांब्या उचलला आणि पेटत्या धुनीवर सगळं पाणी ओतलं. फस्स करून वाफ उठली, राख अंगणभर उडाली आणि मठातले चारही गोसावी होते तिथंच थिजले.

"आखाडा मोडला," महंत म्हणाले. "आजपासून कुणी कुणाचा गुरू नाय, कुणी शिपाई नाय. ज्यानं त्यानं आपली वाट धरावी." एवढं बोलून ते पिशवी घेऊन ओट्यावर जाऊन बसले. त्यांना त्र्यंबकची गाडी धरायची होती.

बन्सीगिरींचं डोकं सुन्न झालं. आखाड्यातले ते सर्वांत जुने. पोरवयात इथं आले, तेव्हा शिरस्त्याप्रमाणं गोदाकाठी त्यांनी स्वतःचं पिंडदान स्वतःच्या हातानं केलं होतं. आधी जगाच्या लेखी मरायचं, मग तलवार हातात घ्यायची, अशी इथली रीत. ही धुनी कधीकाळी विझेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ऋतुराजगिरी मात्र लवकर सावरला. वयानं तो सगळ्यांत लहान आणि जिभेनं सगळ्यांत मोठा. "मोडला तर मोडला. आपण नव्यानं उभा करू. साहेबांचा माणूस येऊन गेला. निवडणूक तोंडावर हाय. नंग्या तलवारी घ्यायच्या अन् मिरवणुकीच्या पुढं चालायचं, बस. मठावर पत्रे घालून देतो म्हणला."

"मिरवणुकीच्या पुढं बँडवाले चालत्यात," कचरूगिरी म्हणाला. "त्यापरीस वाळूजला कंपनीच्या गेटावर उभं राहू. निदान काय तरी राखल्यासारखं व्हईल."

"गेटावर तलवार नाय देत, महाराज. दांडकं देत्यात अन् शिट्टी," ऋतुराज म्हणाला.

चौथा गोसावी हसला आणि लगेच गप्प झाला. आजचा दिवस हसायचा नाही, हे त्याला उशिरा कळलं.

ओट्यावरून महंत बोलले, "वेरूळच्या वाटेवर यात्रेकरूंना लुटत होते, म्हणून आपल्या पूर्वजांनी हत्यार धरलं. आता त्या वाटेवर धाबे झाले. लुटत्यात ते बी, पण त्याला तलवार चालत नाय. राखायचं काय उरलं नाय, अन् तलवार भाड्यानं द्यायची नाय. म्हणून मोडला."

"तुम्ही मोडला, पण शिरस्ता मोडत नाय," ऋतुराज उसळला. "जुन्यातल्या जुन्या गड्यानं धुनी पेटवली, तर आखाडा पुन्हा उभा राहतो. खरं का खोटं?"

महंतांनी मान खाली घातली. खरंच होतं ते.

सगळ्यांच्या नजरा बन्सीगिरींकडं वळल्या. ऋतुराजनं त्यांच्या हातात काडेपेटी ठेवली आणि आवाज मऊ केला. "पेटवा, बाबा. नायतर तुम्ही जाणार कुठं? तुम्हाला हाय कोण?"

हा घाव वर्मी बसला. मेलेल्या माणसाला गाव नसतं. पेटवावी, तर म्हातारपणी साहेबांच्या जीपपुढं तलवार नाचवावी लागणार. न पेटवावी, तर बसस्टँडचं बाकडं. बन्सीगिरींना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली, आणि तलवारधारी माणसाला भीती वाटते याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी काडी बाहेर काढली.

एवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. नऊवारीतली एक वाकलेली म्हातारी उतरली. तिनं चौघांची तोंडं एकेक करून न्याहाळली.

"ह्यातला बन्सी कोणता?"

"मीच फोन करून बोलावलं," महंत म्हणाले. "द्वारकाबाई. बन्सीची बहीण, वैजापूरची."

बन्सीगिरींच्या आठवणीत द्वारका परकरात होती.

ऋतुराज आडवा आला. "मावशी, आखाड्यात आलं की नातं संपतं. तुमचा भाऊ कवाच मेला. पिंड दिलंय त्यानं स्वतःचं."

"मला म्हाईत हाय की. म्हणून तर पितरांच्या पंधरवड्यात दरसाल आम्ही त्याच्या नावाचं पान मांडतो. आई होती तवर ती मांडायची, आता मी मांडते."

आई गेली, हे बन्सीगिरींना कळलं ते असं.

"खीर, वडे, गवारीची भाजी," म्हातारी सांगत होती. "आज्याच्या पानाला कावळा शिवतो, बापाच्या शिवतो. ह्याच्या पानाला एक डाव शिवला नाय. माळवदावर उभी राहून आई हात जोडायची, काव काव करून घसा कोरडा करायची. लोक म्हणायचे, त्याची काय तरी इच्छा राहिली असंल. आई म्हणायची, कशाची इच्छा? मेलाच नाय तो."

बन्सीगिरी म्हातारीच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिले. हातातली काडी त्यांनी पुन्हा पेटीत सरकवली. त्यांच्या आवाजात जुनाच रुसवा होता.

"मला गवार आवडत नाय, द्वारके."