दोन्ही बाजूंचे दात

“सासऱ्यांना एवढंच सांगायचं, की दोन्ही बाजूंचे दात सारखे आहेत,” ती म्हणाली. “पुढचं माझं मी बघते.”

मिस्त्रीनं काउंटरवरची करवत पुढ्यात ओढली. झाडं तोडायची, बॅटरीवर चालणारी. त्यानं आधी बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि मगच चेनला हात लावला. मशीन मुकं केल्याशिवाय हात घालायचा नाही, हे त्याला तिच्या सासऱ्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा करवती पेट्रोलवर चालायच्या आणि म्हातारा चूक दिसली की टपली मारायचा.

चेन हळूहळू सरकवत त्यानं एकेक दात पाहिला. उजव्या अंगाचे दात नको तेवढे घासले गेले होते, डावीकडच्यांना कानस जेमतेम लागली होती. अशी करवत सरळ कापत नाही, एका बाजूला ओढते. मग झाड ठरवलेल्या दिशेला पडत नाही, भलतीकडेच येतं. तिचा नवरा तशाच झाडाखाली गेला होता. त्याला तीन महिने झाले.

ही तर नवख्याची चूक. मिस्त्रीला फार वाईट वाटलं. ज्या म्हाताऱ्यानं गावभर माणसं तयार केली, त्याचा हात इतका बिघडावा?

“शेवटची धार त्यांनीच लावली ना?”

“आदल्या संध्याकाळी मी लावली होती. शिकून घे म्हणाले, कसं घासायचं ते सांगितलं. पण तुम्हाला ठाऊक आहेत ते. मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडणार, मी धुतलेला कप पुन्हा धुणार. माझं काम त्यांना कधी पटलंय? पहाटे उठून सगळे दात पुन्हा घासले. करवत परत आली त्या दिवशी सांगितलं मला. तेव्हापासून एकच धरून बसलेत, ‘माझ्याच हातानं पोरगं गेलं’ म्हणतात. ताट खोलीतच मागतात, अर्धं परत येतं. अंगावरची शाल काढत नाहीत. एक माणूस गेलंच. हे तरी राहू देत हो मला. दुसरं कोण आहे आता?”

मिस्त्रीनं चेन काढून खणात टाकली आणि तसलीच दुसरी, थोडी वापरलेली, शोधून चढवली.

“उद्या दुपारी येतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. गालफडं बसली होती, शाल गळ्यापर्यंत ओढलेली. मिस्त्रीनं टेबलावर वर्तमानपत्र पसरून करवत ठेवली. सून दाराशी उभी राहिली.

“काका, तीन महिने पडून आहे ही. चेन गंजेल, बॅटरी मरेल. यावरून तुम्हीच आमच्या नावानं शंख करायचात ना?”

“मग कर साफ. मला कशाला दाखवतोस?”

मिस्त्रीनं बॅटरी काढली. झाकण उघडलं, पातं सुटं केलं, खाचेतला भुसा ब्रशनं झटकला, ऑइलचं भोक तारेनं मोकळं केलं. पातं दोन्ही कडांनी सारखं झिजावं म्हणून उलटं करून बसवलं, चेन चढवली.

“सैल आहे,” म्हातारा न राहवून म्हणाला.

“कुठे सैल?”

“डोळे फुटले का? दोन बोटांनी उचल. सोडली की परत पात्याला बिलगली पाहिजे.”

सून तोंडावर पदर धरून हसली. तीन महिन्यांत या खोलीत कुणी हसलं नव्हतं.

“आणि बॅटरी गच्च भरून ठेवू नकोस,” म्हातारा म्हणाला. “तिच्यावरच्या चार दिव्यांतले दोन लागले की पुरे.”

मिस्त्रीनं स्क्रू आवळला.

“काका, दात पाहिलेत मी. एकेक करून. दोन्ही बाजूंचे सारखे आहेत. धारेत खोट नव्हती. झाडच आतून पोकळ असणार.”

म्हातारा पुढे वाकला. चेनकडे बराच वेळ पाहत राहिला.

“नीट पाहिलंस?”

“तुम्ही शिकवलंय तसं.”

म्हातारा सुनेकडे वळला. “ऐकलंस?”

“ऐकलं, बाबा.”

“मग झालं तर. कुणाचाच दोष नव्हता.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती खुर्चीपाशी खाली बसली आणि इतके दिवस अडवून धरलेलं सगळं तिनं रडून घेतलं. म्हाताऱ्यानं तिला रडू दिलं.

“आता तरी पोटभर जेवाल ना?”

“जेवतो. वाढ जा. यालाही वाढ.”

ती डोळे पुसत आत गेली. स्वयंपाकघरात ताटं वाजायला लागली.

“जिथून घासायला घ्यायचं त्या दातावर माझा लाल ठिपका असतो,” म्हातारा हळूच म्हणाला. “या चेनवर तो नाही.”

मिस्त्रीची मान खाली गेली. “तिनं हात जोडले, काका. मला नाही म्हणवलं नाही.”

“जुनी कुठाय?”

“दुकानात. खणात.”

“आजच तुकडे कर तिचे. सुनेच्या नजरेला पडता कामा नये.”

“काका, तुमची चूक तिनं कधीच पोटात घातलीय.”

म्हाताऱ्यानं शालीतून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. मूठ वळायला गेला. बोटं अर्ध्यावरच थांबली आणि थरथरत राहिली.

“सहा महिने झाले, तिला कळू दिलं नाही, पण या हातात चमचा राहत नाही. म्हणून तर तिला शिकवायला बसलो,” तो म्हणाला. “त्या पहाटे मी कानशीला हातही लावला नव्हता.”