शुद्धीवर

नामांतराचे मोर्चे निघत होते, ते दिवस. मल्हारराव फुकट कुणाला काही देत नसत. जीपमध्ये बसवलं की माणसाची जात तरी काढून घेत. बिडकीनच्या रस्त्यावर बसवलेल्या कामगारानं नाव सांगितलं, रंगनाथ. गाव सांगितलं, पिशोर.

“गावात घर कुठल्या अंगाला?”

रस्ता सोडून मल्हारराव त्याच्या तोंडाकडं बघत राहिले आणि जीप उभ्या ट्रकवर आदळली.

स्वतःचा हात मोडलेला असताना रंगनाथनं त्यांना ओढून बाहेर काढलं, डोकं मांडीवर घेतलं. माणसं जमली. बऱ्याच वेळानं मल्हाररावांनी डोळे उघडले. ओठ हलले.

“काय म्हणतेत?” कुणीतरी विचारलं.

“घर कुठल्या अंगाला, म्हणतेत,” रंगनाथ म्हणाला. “डोक्याला काय झालं नाय त्यांच्या. पहिल्यासारखंच चालतंय.”