नारिंगी पाटी

"विषय चौथा. क्रीक रोडची नऊ एकर जागा राहण्याच्या वापरातून काढून धंद्याच्या वापरात घालणे," नगराध्यक्षांनी वाचलं, आणि मागच्या टेबलावर कॉफीचे कप मांडणाऱ्या व्हर्ना लुट्झचा हात थांबला. क्रीक रोडला नऊ एकरांचा तुकडा एकच. त्यावर चौतीस ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, उभे होते आणि बारा नंबरचा तिचा होता.

अकरा वर्षं ती नगरपालिकेची झाडलोट करत होती. दर सभेला खुर्च्या मांडायच्या, सभा उठली की गोळा करायच्या. आत काय चाललंय याकडे तिने कधी कान दिला नव्हता. आज ती कप तसाच टाकून पुढे गेली.

"प्रुइटसाहेब, आम्हाला कुणी काही कळवलं नाही."

नगराध्यक्ष हॉलिस प्रुइट माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "पत्रं गेलीत, व्हर्ना. त्या जागेपासून तीनशे फुटांच्या आत ज्याची ज्याची जमीन आहे, त्या प्रत्येकाला."

"जमीन कुठली आमची? आमचा नुसता ट्रेलर. जमीन फ्लोरिडात बसलेल्या मालकाची, आम्ही त्याला भाडं भरतो."

"मग पत्र त्यांना गेलं. तेच तर विकतायत."

कुणीतरी खुदकन हसलं. एका सभासद बाईंनी व्हर्नाची समजूत घातली. काचकारखाना बुडाला, तशी गावाची घरपट्टी निम्म्यावर आली. ट्रेलरची नोंद गाडीसारखी, त्याची घरपट्टी दमडीची नाही, आणि पोरं मात्र गावच्याच शाळेत. तिथे गोदाम उभं राहिलं तर त्याच्या घरपट्टीतून शाळेचं गळकं छप्पर तरी दुरुस्त होईल. "तुमच्यावर राग नाही हो कुणाचा. गाव चालायला हवं ना?"

"गावात आम्ही नाही का? माझा ट्रेलर तीस वर्षांचा आहे," व्हर्ना म्हणाली. "चाकं गंजून मातीत गेलीत. ओढायला गेलं तर मधोमध फाटेल. कुठे नेऊ मी तो?"

पालिकेच्या वकिलाने उत्तर कायद्यातलं दिलं. "ज्यांना पत्र जात नाही त्यांच्यासाठीच पाटी असते, बाई. चौदा दिवस आधी जागेवर नारिंगी पाटी लावतात. ती वाचायची होती तुम्ही."

"कुठली पाटी?"

विचारता विचारताच तिला आठवलं. मागच्या महिन्यात पालिकेच्या मागच्या दाराशी कुणीतरी टेकवून ठेवलेली. येणारा-जाणारा अडखळायचा, म्हणून तिनेच ती उचलून बादल्या-फडक्यांच्या खोलीत नेली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. एकदा धूळही पुसली होती. वाचली मात्र नव्हती. स्वतःच्या हाताने स्वतःच्याच पायावर धोंडा, दुसरं काय.

ती गेली, पाटी घेऊन आली आणि अध्यक्षांच्या पुढ्यात आडवी ठेवली. "ही बघा. लागलीच नाही कधी."

वकिलाने पाटी वाचली, कागद चाळले, मग तो प्रुइटच्या कानाला लागला. पाटीच लागली नव्हती, म्हणून आज मतदान होणार नव्हतं. व्हर्नाला वाटलं, आपण जिंकलो. या खोलीने अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं ऐकलं होतं.

प्रुइटनी उठून तिचा हात हातात घेतला. "गावावर उपकार केलेस, व्हर्ना. आज हात वर केले असते तर उद्या कुणीही कोर्टात जाऊन सगळं मोडीत काढलं असतं. आता पाटी लावून पंधरा दिवसांनी रीतसर करू." ते अगदी मनापासून बोलत होते, हेच वाईट होतं.

सभा उठली. तिने खुर्च्या गोळा केल्या. पाटी लावणं ज्याचं काम होतं तो रस्तेखात्याचा लायल दारात घुटमळत होता.

"व्हर्ना, उद्या सकाळी लागलीच पाहिजे म्हणतात. मला उजाडताच पुलाच्या कामावर जायचंय. तुझ्या वाटेवरच आहे ना ती जागा?"

"वाटेवर नाही, लायल. दारात आहे माझ्या."

"तेच म्हणतो मी. टाक ना गाडीत. हातोडा देतो माझा."

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. पण लायलचा काय भरवसा. पाटी पुन्हा राहिली, तर बाकीच्या तेहतीस घरांना कळणार कधी? तिने हात पुढे केला.

सकाळी साडेसहाला ती रस्त्याच्या कडेला पाटीचा खुंट ठोकत होती. ठोक्यांनी शेजारची म्हातारी डोरीन गाऊनवरच बाहेर आली.

"काय गं, ट्रेलर विकायला काढलास की काय?"

"आधी वाच," व्हर्ना म्हणाली. "मी वाचली नव्हती."