पाण्याखालची जोडीदारीण

चित्राने शेवटी अर्ज केला. चंदीगडला, सेक्टर सतरातल्या कोर्टाबाहेर, झाडाखालच्या टायपिस्टाकडून, दोन प्रतींत. संपला मुलाचा संसार, असं म्हणून सरलाबाई तिथेच मटकन खाली बसल्या.

पण ते राहू द्या. तिथवर आपण आलोच नाही. आज अजून सोमवार आहे, साल अठ्ठ्याऐंशी, कर्फ्यू नाही, आणि पोस्टमनने नुकतंच अशोकचं पत्र टाकलंय.

अशोक हा सरलाबाईंचा एकुलता एक, चित्राचा नवरा. चंदीगडला एका प्रयोगशाळेत इंजिनिअर होता. पंजाबात अतिरेकी बस अडवून माणसं मारायला लागले, तेव्हा त्याने सुरक्षित जागी जायचं ठरवलं आणि स्कॉटलंडजवळ भर समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरी धरली. मात्र विहिरीवर पाय ठेवण्याआधी प्रशिक्षण पास व्हायला हवं. तिथे माणसांना खोट्या हेलिकॉप्टरात पट्ट्यांनी बांधतात, ते हेलिकॉप्टर तलावात बुडवून उलटं करतात आणि म्हणतात, या आता बाहेर.

पत्रं सरलाबाईच मोठ्याने वाचत. साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका त्या. वाचता वाचता ऱ्हस्व-दीर्घाला तांबड्या पेन्सिलीने गोल करत.

"'इथे प्रत्येकाला एक जोडीदार देतात. माझी जोडीदारीण फिओना. विहिरीवर नर्स आहे. काल पाण्याखाली मला काही सुचेना, तेव्हा तिने कॉलर धरून मला वर काढलं. दुसऱ्यांदा नापास झालो. पण फिओना म्हणते, तू फक्त माझा हात सोडू नकोस.'"

शेवटच्या वाक्याला सरलाबाईंचा आवाज आपोआप बारीक झाला. चित्रा भेंडी चिरत होती. सुरी थांबली.

"तिथे बायकांना घेतात?"

"नर्स आहे गं ती."

"पण पाण्यात उतरवतात? उलटं?"

"आता अपघात काय बाई-पुरुष बघून होतो?"

"किती वेळ असतात पाण्याखाली?"

"ते नाही लिहिलंय बाई."

चित्राने उरलेली भेंडी अशी काही चिरली, की भाजीऐवजी तिची चटणीच झाली.

पाकिटात फोटोही होता. दोघं नारिंगी रबरी पोशाखात; फिओना हसतेय, अशोक बर्फाच्या लादीवरून उचलल्यासारखा. मंगळवारी तो फोटो गॅसच्या वर भिंतीला चिकटलेला दिसला. एक डोकं कात्रीने कापलेलं. हे सरलाबाईंना अपेक्षितच होतं. फक्त कापलेलं डोकं अशोकचं होतं. रागाच्या भरात चुकली असेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

बुधवारी चित्रा अर्धा तास न्हाणीघरात. आधी नळ, मग बराच वेळ चिडीचूप, मग एकदम मोठा हुंदका. पुन्हा चिडीचूप. बाहेर आली ती डोळे लाल, चेहरा निथळतोय.

"मन मोकळं कर गं," सरलाबाई म्हणाल्या.

"काही नाही, आई. बादली लहान पडते आपली."

इतकं रडतं का कुणी! सरलाबाई तडक शेजारी गेल्या, पद्मिनीकडे. तिचा नवरा एअरफोर्समध्ये, त्यामुळे धोक्याच्या सूचना ती सगळ्यांना द्यायची.

"सरलाकाकू, जळतेय ती. पक्का!"

"मग मी काय करू?"

"अशोकला तार करा. त्या बाईचा हात सोड म्हणावं."

"अगं, बुडेल तो!"

"मग दोनातलं एक ठरवा, काकू."

परदेशी टपाल तेव्हा उघडून बघत. त्यामुळे कधी महिनाभर शुकशुकाट, तर कधी आठवड्यात दोन पत्रं. शुक्रवारी दुसरं आलं. अशोक तिसऱ्यांदा नापास. नियमाप्रमाणे त्याला घरी पाठवायला हवं होतं, पण फिओनाने साहेबांना गळ घालून आणखी एक संधी मिळवली होती.

"आणखी एक!" चित्रा दात-ओठ खात म्हणाली. "ह्यांना!"

"चित्रा..."

"माझा जळफळाट होतो, आई. खोटं कशाला बोलू? पत्रातला शब्दन् शब्द टोचतो."

"साहजिक आहे गं. कोणत्याही बायकोला—"

"उद्या सतरा सेक्टरला जाऊन येते. कोर्टापाशी काम आहे."

सरलाबाईंनी रात्रीच पिशवीत चष्मा आणि तांबडी पेन्सिल भरून ठेवली.

शनिवारी त्या ऑटोने तिच्या मागोमाग निघाल्या. नाक्यावर शिपायाने त्यांची पिशवी उपसली आणि तांबडी पेन्सिल उन्हात धरून इतका वेळ न्याहाळली, की तेवढ्यात दोन-चार संसार मोडले असते. सतरा सेक्टरला पोचल्या तेव्हा टायपिस्ट सरदारजी यंत्रातून कागद काढत होता.

"बैठो माताजी. हो गया, बस साइन बाकी है."

सरलाबाईंनी कागद हिसकावला. "थांब चित्रा! माझा मुलगा आहे तो. पाय घसरला असेल, पण एवढ्यावरून—"

"ह्यांचं काही चुकलं असं मी म्हणतच नाही, आई. ह्यांना जमत नाही, एवढंच. वाचा तुम्ही. इंग्रजी तपासूनच द्या."

सरलाबाईंनी चष्मा लावला. अर्ज न्यायाधीशांना नव्हता. स्कॉटलंडच्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांना होता. पहिल्या दोन ओळी वाचून त्या झाडाखाली मटकन बसल्या आणि पुढचं बसूनच वाचलं:

'अर्जदार मूळची सांगलीची असून, लग्नापूर्वी दरवर्षी कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलावरून उडी मारून पलीकडच्या काठाला लागत असे. अर्जदाराचे पती आपल्याकडे तीन वेळा बुडाले आहेत. अर्जदार आजवर एकदाही बुडालेली नाही. सबब, पतींना मिळेल त्या विमानाने चंदीगडला स्वयंपाकास परत धाडावे, त्यांच्या जागी अर्जदाराची नेमणूक करावी, आणि जोडीदारीण तीच ठेवावी, ही नम्र विनंती.'