गोळी नक्की कोणाची

“फसफसनारी नोको म्हन त्याले. पोटात वारं धरते,” रामीबाई लेकाच्या, शामच्या कानाशी कुरकुरली. पण कुरकुरताना तिचे डोळे हसत होते, ते मागे उभ्या असलेल्या वर्षाला औषधांच्या कपाटाच्या काचेत दिसलं.

पुसदचा बाजार, मेडिकलात ही गर्दी. आणि एका गोळीसाठी तांड्यावरून चौघं आलेली: सासू, सासरा, नवरा न् वर्षा. नर्सबाईनं सकाळी सांगितलं होतं की रक्त कमी आहे, लोहाच्या गोळीसोबत व्हिटॅमिन सी घ्या, कोणतं ते मेडिकलवाल्याला विचारा. कोणासाठी, ते मात्र चारचौघांत बोलायचं नाही, हा रामीबाईचा हुकूम. मागच्या खेपेला तिनंच हरखून तांडाभर साखर वाटली होती, आणि ती साखर लोकांच्या तोंडात विरघळायच्या आत सगळं संपलं होतं.

मेडिकलवाल्या अश्वजितनं पुढ्यात सगळे प्रकार मांडले. चघळायची गोळी, पाण्यात टाकायची फसफसणारी, नुसती गिळायची, लहान लेकरांचे थेंब. सासऱ्यानं, देवसिंगनं, थेंबांची इवलीशी बाटली उचलली, उजेडाकडे धरली आणि कोणी पाहत तर नाही ना, असं बघून हळूच ठेवून दिली.

“घेनार कोन?” अश्वजितनं विचारलं. “त्याच्यावर हाय सारं.”

“मीच,” शाम म्हणाला.

“मले,” त्याच दमात रामीबाई.

देवसिंगनं, दुखणं आपलंच असल्यासारखं, हिरडीवर बोट ठेवलं.

वर्षानं पदर तोंडात कोंबला. हसू दाबावं तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. असे धडधाकट रोगी पाहून मागच्या बायाही खुसखुसल्या. अश्वजित मात्र कामाचा माणूस. त्यानं रामीबाईला बीपी विचारलं, शुगर विचारली, मुतखडा विचारला. काय सांगावं ते न सुचून तिनं सगळ्यालाच हो म्हटलं.

“मंग मावशी, यातली एकबी नाई देत तुमाले. डॉक्टरची चिठ्ठी आना,” असं म्हणून त्यानं पाकिटं आवरायला घेतली.

चघळायच्या गोळीचं नारिंगी पाकीट उचललं जाताना वर्षाचा हात आपसूकच पुढे गेला. सासऱ्यासमोर, एवढ्या लोकांत. तिनं ते पाकीट बोटांनी दाबून धरलं आणि सोडलंच नाही.

शामनं आईकडे पाहिलं. देवसिंग छताच्या पंख्याकडे बघत राहिला.

रामीबाईनं सुनेच्या हातावर आपला हात ठेवला. मग बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माह्या सुनेले तिसरा महिना हाय. लेकराच्या मायले जे चालते, ते दे.”