सलामीचा हात

"खाली," ऋतुराजची कोच तनुजा म्हणाली. "अजून खाली. पाय धर माझे."

ऋतुराज गुडघ्यांत जरा बसला, पाठ आणि मान मात्र ताठच. हात तिच्या मांड्यांपर्यंत आले आणि तिथंच अडकले. मग तो सरळ उभा राहिला आणि खोलीचं छत पुन्हा बुटकं दिसायला लागलं.

"समोरचा लाथांचा माणूस आहे," ती म्हणाली. "उभ्यानं खेळलास तर फोडून काढेल. आडवा पाडलास तरच पट्टा तुझा. नाहीतर आत्ताच बॅग भर, घरी जा."

"आजवर उभ्यानंच जिंकलो ना ताई."

"जिंकलास. लोक जांभया देत बसले होते."

बाहेर हॉलमध्ये गर्दी गर्जत होती. कोपऱ्यातल्या बाकावर कडुबा बसले होते. ऋतुराजचे वडील, आणि सिल्लोडकडच्या गावातल्या तालमीचे वस्तादही तेच. मांडीवर रुमालाची गाठ. गाठीत आखाड्याची माती.

कुस्तीला उभं राहिलं की आधी वाकायचं, माती कपाळाला लावायची, मग समोरच्याला हात द्यायचा. पोराला चालता येईना तेव्हापासून त्यांनी हे शिकवलं होतं. लाथा, बुक्क्या, कुस्ती सगळंच चालतं अशी, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातली त्याची पहिली लढत याच शहरात झाली. समोर ऐनवेळी बदली आलेला एक काटकुळा गडी. ऋतुराज त्याला शेंगेसारखा सोलणार, असंच सगळे म्हणत होते. घंटा वाजली. ऋतुराज वाकला, मॅटला हात लावला, हात कपाळाकडं नेला.

मातीत समोरचा थांबतो. जाळीत कोण थांबतो? कपाळापर्यंत हात पोचायच्या आत समोरच्याचा गुडघा तोंडावर आला.

तेव्हापासून त्याला वाकलेला कुणी पाहिला नाही. बुटाची नाडी तनुजा बांधते. पाया पडायचं तर तो आईला उचलून ओट्यावर उभी करतो. घंटा झाली की उजवा हात अजून खाली जायला बघतो, म्हणून तो मूठ गच्च आवळतो. आणि कडुबा प्रत्येक लढतीला येतात, पण हॉलमध्ये जात नाहीत. इथंच बसतात. आतला आवाज ऐकतात.

त्यांनी गाठ सोडली. "ये, माती लाव."

"तिथं पंच पुसून काढतात आबा."

"पुसू दे की. पुसायला आधी लावावी तर लागंल."

तनुजाला हसू आलं. ऋतुराजला नाही आलं.

"वाक जरा."

तो हलला नाही. कडुबांनी हात वर केला, तो त्याच्या हनुवटीपर्यंतच पोचला. मुठीतून थोडी माती छातीवर सांडली.

"राहू दे. तू नगंस वाकू," ते म्हणाले. "लई उंच वाढवलाय तुझ्या आईनं. मीच चढतो."

ते बाकावर चढले. ऋतुराजनं आधाराला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. उभे राहिले. कित्येक वर्षांनी लेकाच्या डोळ्यांत सरळ बघता आलं, आणि बराच वेळ ते नुसते बघतच राहिले. मग अंगठा मातीत बुडवला.

अंगठा कपाळापर्यंत आला आणि कडुबा एका अंगाला कलले.

तनुजा ओरडली. ती हलायच्या आत ऋतुराज खाली गेला होता. एक गुडघा फरशीवर, दोन्ही हात बापाच्या मांड्यांमागं, खांदा पोटात. पोतं पडावं तसे कडुबा त्याच्या पाठीवर आले, आणि माती त्याच्या केसांत भुरभुरली.



ऋतुराजचं कपाळ बापाच्या गुडघ्याला टेकलं होतं. ते कळलं तसं त्याचं सगळं अंग ताठ झालं. डोळे गच्च मिटले. मानेची शीर उडायला लागली.

"मारत नाय," पाठीवरून कडुबा म्हणाले. "माझाच हाय गुडघा."

तो तसाच राहिला. म्हाताऱ्याचं धोतर त्याच्या घामानं ओलं झालं.

दारावर थाप पडली. "ऋतुराजभाऊ, चला, तुमचा नंबर."

त्यानं कडुबांना उचललं, फुलांची टोपली ठेवावी तसं फरशीवर ठेवलं आणि निघून गेला. केसांत माती तशीच होती.

तनुजा पाण्याची बाटली घ्यायला मागं राहिली. घाईत तिचा पाय बाकावर आपटला. कळ गेली. बाक हलला नाही. तिनं खाली बघितलं. चारही पाय फरशीत बोल्टनं आवळलेले होते.

"काका," ती म्हणाली, "बाक तर हलतच नाही. कलंडलात कसे तुम्ही?"

कडुबा उकिडवे बसून सांडलेली माती रुमालात गोळा करत होते.

"पाय हाय. घसरतो."

"त्यानं धरलं नसतं तर?"

"तर पडलो असतो." त्यांनी बोटाला लागलेला एक खडा बाजूला टाकला. "जा तू. त्याच्यापाशी असावं कुणीतरी."

ती धावली. दार लोटलं गेलं तशी गर्जना अर्धी झाली. खोलीत कडुबा आणि माती.

मग हॉल एकदम गप्प झाला, आणि घंटा वाजली.

कडुबांचा उजवा हात आपसूक मातीकडं गेला. अर्ध्यावर त्यांनी तो डाव्या हातानं मनगटात पकडला, आणि तसाच धरून बसले.