सरकारी सांबर

पासलीच्या ओढ्याकाठी एक सांबर मरून पडलं होतं. म्हाताऱ्या कोंडाबाईनं त्याचं शिंग औषधाला म्हणून घरी आणलं आणि बातमी भोरला पोचली. जंगलखात्याचा शिपाई ऐन थंडीत, खोकत खोकत तिच्या दारात हजर झाला.

"म्हातारे, सांबर जित्तं असो का मेलेलं, सरकारचंच! शिंगाचा कण जरी कुनाकडं घावला, तरी त्याला कचेरीत उभं करनार."

"अरं, म्या काय मारलं का त्याला? आपल्या आपन मेलं त्ये."

"कायदा त्ये इचारत न्हाई," म्हणता म्हणता त्याला अशी ढास लागली, की डोळ्यांतून पाणी आलं. कोंडाबाईला काही राहवेना. आत जाऊन तिनं सहाणेवर कायसं उगाळलं, कोमट करून वाटीतून आणलं आणि त्याच्या छातीला चोळायला दिलं.

चुलीपुढं बसून घटकाभरात त्याची छाती मोकळी झाली. सदऱ्याच्या गुंड्या लावत तो उठला. "लई गुन आला बघ. आता काढ त्ये शिंग आन् चल कचेरीत."



"चल की. पन गुंड्या नगं लावूस, लेका. तुज्या छातीवरचं शिंग बी सायबाला दाखवाया लागंल."